मास्तरांनी राखून ठेवलेला चेंडू

“मग देता का नाही, मास्तर?”

मास्तरांनी मान वर केली नाही. मांडीवर एक उसवलेला बेसबॉल होता आणि हातात दाभण. त्यांनी लाल दोऱ्याचा टाका घातला, ओढला, चेंडू जरासा फिरवला.

“काय देऊ?”

“तो चेंडू. तुम्ही राखून ठेवला तो.”

“हं...”

पुढचा टाका पडला.

सुमेध तायडे दारातच उभा होता. कुणी ‘बस’ म्हटलं नव्हतं, आणि कुणी न म्हणता बसायची सवय अलीकडे मोडली होती. नागपूरच्या गरुड संघाचा तो पिचर. म्हणजे चेंडू फेकणारा. बेसबॉलमध्ये सगळा खेळ ज्याच्या हातातून सुटतो तो माणूस. परवा मंगळवारी जळगावात, तुफान संघाविरुद्ध, त्याने एकट्याने अख्खा सामना टाकला होता. नऊ इनिंग, म्हणजे नऊच्या नऊ डाव. निकाल एक-शून्य. पेपरात फोटो आला होता, येताना एसटीच्या कंडक्टरने ओळखलं होतं, शेजारच्या बाईने लेकरासाठी सही मागितली होती.

मास्तरांनी ओळख दाखवली ती एवढीच, की चपला बाहेर काढायला सांगितल्या.

मास्तर म्हणजे गुलाबराव ठोसर. वय शहात्तर. पूर्णेकाठच्या या गावात ते शाळेत पीटी शिकवायचे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी इथे बेसबॉल आणला, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. स्वतः ते कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू झेलणारा. त्या झेलण्यात उजव्या हाताची दोन बोटं मोडली आणि वाकडीच जुळली. निवृत्त झाल्यावर मैदानाच्या कडेची खोली घेऊन राहिले. फाटके चेंडू शिवत बसायचं, कुणी शिकायला आलं तर शिकवायचं, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आज ते सुमेधला जरा जास्तच थकलेले वाटले. एका गालावर दोन दिवसांचे खुंट होते आणि दुसऱ्यावर आठ-दहा दिवसांची पांढरी दाढी. आरशात बघायचंही भान राहिलं नाही बिचाऱ्यांना, असं मनात येऊन त्याला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून त्याने आवाज थोडा खाली आणला. मागणी काही खाली आणली नाही.

“रविवारी शेवटचा सामना आहे. दोन त्यांनी जिंकले, दोन आम्ही. रविवारी जो जिंकेल त्याचा करंडक. समोर पुन्हा तुफान, अन् त्यांच्याकडून पुन्हा रईस पिंजारीच टाकणार. मले तो चेंडू पाहिजे, मास्तर. आत्ताच पाहिजे.”

तो चेंडू म्हणजे सावकाश चेंडू. फेकणाऱ्याचा हात पुऱ्या जोराने फिरतो, अंग पुऱ्या जोराने पुढे येतं, बॅटरला वाटतं आता गोळी सुटली. आणि चेंडू येतो वरातीसारखा, रमतगमत. तोवर बॅट फिरून गेलेली असते. सुमेधपाशी जोराचा चेंडू होता, वाकडा वळणारा होता. हा नव्हता.

दर आषाढात, गुरुपौर्णिमेला, तो नारळ घेऊन यायचा आणि म्हणायचा, “यंदा तो सावकाशवाला द्या, मास्तर.” मास्तर म्हणायचे, “पुढच्या वर्षी पाहू.” अशी सहा वर्षं गेली. मैदानावरची जुनी मंडळी आपसांत कुजबुजायची, की मास्तरांनी एक चेंडू स्वतःपाशी ठेवलाय, तो कुणाला देत नाहीत. सुमेधने ते ऐकलं होतं, आणि त्याला ते मनापासून पटलं होतं. मास्तर लोक असंच करतात, त्यात विचारायचं काय!

“सामना कसा झाला?” मास्तरांनी विचारलं.

आता सुमेधला बरं वाटलं. मास्तरांकडे टीव्ही नाही, त्यांना कोण सांगणार? तो आत येऊन सतरंजीवर बसला. खिशातून एक जवळजवळ कोरा चेंडू काढून त्याने मास्तरांच्या पायाशी ठेवला. मंगळवारचा, शेवटच्या बॅटरला टाकलेला.

मग तो सांगत सुटला. पहिल्या इनिंगला तिघं आले, तिघं गेले. दुसऱ्यातही तेच. चौथ्या इनिंगला एकाने फटका मारला, पण पुढच्या दोघांना त्याने हलूही दिलं नाही. अकरा जण तर नुसती हवेत बॅट फिरवून परतले. कुणाला कोणता चेंडू टाकला, कुठून वळवला, सगळं त्याच्या जिभेवर होतं. नऊ इनिंगमध्ये सगळ्या तुफान संघाला मिळून तीन फटके. आठव्या इनिंगमध्ये दोन चेंडू जरा सणसणीत बसले होते, पण ते सरळ गरुडच्याच खेळाडूंच्या हातात गेले. हे दोन त्याने घाईघाईत सांगितले.

“शून्य, मास्तर. नऊ इनिंग, अन् शून्य!”

“ते त्यांचं झालं. आपलं?”

“आपलं एक.”

“ते एक कोणं काढलं?”

“जोगदंडनं.”

“कसं?”

सुमेध थांबला.

“सहाव्या इनिंगमध्ये,” तो म्हणाला.

“कवा ते नाही इचारलं. कसं? फटका मारला का त्यानं?”

“मारला असन.”

“असन?”

“मी पाहत नव्हतो, मास्तर.”

“कोठी होता तू?”

“तठीच होतो. बाकावर. भिंतीकडे तोंड करून.”

हे जरा सांगायला हवं. या लीगमध्ये पिचरला बॅट धरावी लागत नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस मारतो. म्हणजे आपला संघ मारायला गेला, की पिचर बाकावर मोकळा. तीन वर्षांपूर्वी एका सामन्यात ऊन तोंडावर येत होतं, म्हणून सुमेध बाकावर उलटा फिरून बसला, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी त्याने असा चेंडू टाकला की विचारू नका. झालं. तेव्हापासून तो भिंतीकडेच तोंड करून बसू लागला. एकाग्रता राहते म्हणे.

संघानेही ते मनावर घेतलं. बाकाचा तो कोपरा त्याचा ठरला. दोन हातांच्या आत कुणी बसत नसे, त्याच्याशी कुणी बोलत नसे, धावफलक सांगत नसे. पाण्याची बाटलीसुद्धा कुणीतरी गुपचूप ठेवून जाई. सोवळ्यातल्या माणसाला जपतात तसं त्याला जपत.

“बरं...” मास्तर म्हणाले. “काय होतं भिंतीवर?”

“काय?”

“नऊ इनिंग भिंत पायली ना? काय होतं तिच्यावर?”

सुमेधने खाली पाहिलं.

“पंप दुरुस्तीवाल्याचा नंबर होता.”

“पाठ झाला?”

“...झाला.”

मास्तर हसले नाहीत. हसले असते तर सुमेधला सोपं गेलं असतं.

“रईसनं काय काय टाकलं?”

“चांगला टाकला म्हणे. दोनच फटके देले म्हणे त्यानं.”

“म्हणे...” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा शिवायला लागले.

दाभण चामड्यातून जाताना बारीक करकर आवाज होतो. सुमेधने तो आवाज पाच टाके ऐकला. सहाव्या टाक्याला त्याचा तोल गेला.

“सहा वर्षं झाले, मास्तर! सहा वर्षं मी हात पसरतो, अन् तुम्ही म्हणता पुढच्या वर्षी. मी काय कमी केलं? मुलाखत घेतली तवा पहिलं नाव तुमचं घेतलं म्यां. दुसऱ्या कोणाले द्याचा हाय का तो चेंडू? तसं असन तर तसं सांगा. मी पुन्हा येत नाही.”

“चहा घेतं?”

“नाही पाहिजे मले चहा!”

“बरं.”

“रविवारी मले मारतीन ते, मास्तर. तुम्हाले समजत कसं नाही? फोडून काढतीन...”

आवाज फाटला. चोवीस वर्षांचा, पेपरात फोटो आलेला गडी, आणि त्याचे डोळे भरून आले. आपल्याला रडू येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं, म्हणून आवरायला उशीर झाला.

“कोपर दुखते माहं,” तो म्हणाला.

मास्तरांचा हात थांबला.

“सातव्या इनिंगपासून. निखारा ठेवल्यावानी. आठव्यात ते दोन फटके बसले ना, ते त्याच्यानंच. चेंडूत जोरच राह्यला नव्हता. ते सरळ हातात गेले हे माहं नशीब. चार हात इकडं तिकडं गेले असते, तर एक-शून्य कायचं अन् काय! आज शर्टाच्या गुंड्या डाव्या हातानं लावल्या म्यां.”

“कोणाले सांगतलं?”

“कोणालेच नाही.”

खरं कारण हे होतं. दोन दिवस त्याने ते सगळ्यांपासून लपवलं होतं. टाळ्यांत, सह्यांत, त्या फोटोत. तो घाबरला होता. चेंडू फेकण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता फेकणारा हातच कुरकुरायला लागला होता. सगळे चेंडू जोराने टाकायचे म्हटलं तर रविवारी सातव्या इनिंगपुढे आपला हात पोचणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मध्ये मध्ये एक सावकाश चेंडू पेरता आला, की बॅटर गोंधळतात आणि हाताला श्वास मिळतो. त्या एका चेंडूसाठी तो आला होता.

मास्तरांनी दाभण बाजूला ठेवलं. त्याचा उजवा हात मांडीवर घेतला, आणि आपल्या वाकड्या बोटांनी कोपर चाचपलं.

“अठी?”

“नाही.”

“अठी?”

“आई गं!”

“सूज नाही दिसत. पण माहं बोट म्हणजे काही मशीन नाही. आज संघाच्या डॉक्टरले सांगजो.”

“बाहेर बसवतीन मले.”

“बसवू दे. खेळू दे. पण सांगजो. लपवू नको.”

“...सांगतो.”

“सांगतो म्हणजे सांगतो.”

“हो, मास्तर.”

मग मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. पायाशी ठेवलेला कोरा चेंडू त्यांनी उचलला.

“दारामागं बॅट हाय. घे.”

“मास्तर, तो मंगळवारचा चेंडू हाय. आठवण म्हून...”

“बाकीचे सगळे उसवलेले हायेत. चाल.”

बाहेर दुपार उतरणीला लागली होती. मैदानाच्या या टोकाला शेजारच्या कमलाबाईंचं कुंपण, आणि कुंपणाला टेकवलेला पत्र्याचा रिकामा ड्रम. मास्तरांनी सुमेधला ड्रमच्या पुढ्यात उभं केलं आणि स्वतः वीसेक पावलं चालत गेले.

“मार,” ते म्हणाले.

सुमेधला संकोच वाटला. त्याने बॅट धरून वर्षं झाली होती हे खरं. पण समोर शहात्तर वर्षांचा म्हातारा. चुकून चेंडू लागला तर? हलकेच मारू, असं त्याने ठरवलं.

मास्तरांनी पाय उचलला. आणि तो सुकलेला हात असा काही गरकन फिरला, की सुमेधचं ठरवलेलं सगळं गळून पडलं. अंगाने आपोआप बॅट फिरवली. बॅट फिरली, पुरती फिरली, थांबली. आणि मग चेंडू आला. त्याच्या कमरेजवळून, कसलीही घाई नसल्यासारखा, मागे गेला.

ड्रमवर डण्णकन आवाज झाला.

“झालं का सुरू?” कुंपणापलीकडून कमलाबाईंचा आवाज आला. “मास्तर, अवो सकायपासून जरा शांती होती!”

“दोनच राह्यले, बाई!”

“परवापासून दोनच राह्यले!”

सुमेधचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने चेंडू परत फेकला, डाव्या हाताने, आणि पाय घट्ट रोवले. या वेळी थांबायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. मास्तरांचा हात फिरला. सुमेध थांबला, थांबला... आणि तरी लवकर फिरला. डण्ण.

तिसऱ्या वेळी त्याने दातओठ खाल्ले. तिसऱ्या वेळीही तेच.

बॅट टाकून तो पळत मास्तरांकडे गेला.

“हाच! हाच तो, मास्तर! हाच चेंडू!”

मास्तर वाकून धापा टाकत होते. त्यांनी नुसता हात हलवला.

“एवढा सुंदर चेंडू! अन् सहा वर्षं तुम्ही तो दाबून ठेवला. काऊन, मास्तर? मी एवढा नालायक होतो का?”

मास्तरांना श्वास सावरायला वेळ लागला.

“परवा आला मले तो,” ते म्हणाले.

“कोणता?”

“हाच.”

“...परवा?”

“मंगळवारी. भास्करच्या दुकानात दाढी कराले गेलतो. तठी टीव्हीवर तुमचा सामना लागला होता. एक गाल झाला असन माहा. तेवढ्यात रईसनं हा टाकला.”

“रईसनं?”

“म्यां म्हटलं, भास्कर, थांब जरा. मंग कायची दाढी! सतरा वेळा टाकला त्यानं. आरशावर फेसाच्या रेघा मारत गेलो म्यां, एकेक. भास्कर लय बोलला मले. टीव्हीवाले मधे मधे त्याचं बोट मोठं करून दाखवत. अंगठा कुठी, चेंडू कुठी. तुमचा फटकेवाला घोरपडे याच चेंडूवर तीनदा फसला. अन् ते जोगदंडचं बी सांगतो तुले. रईसनं त्याले चार चेंडू बाहेर टाकले, तर तो फुकटचा पहिल्या बेसवर गेला. मंग धूम पळून दुसरा बेस चोरला. पुढच्यानं जमिनीवरून ढकलला, हा तिसऱ्यावर. त्याच्या पुढच्यानं उंच झेल देला, अन् झेल होताच हा चौथ्या, घरच्या बेसवर पळत आला. फटका नाही मारला लेका कोणंच त्या धावेत. सामना संपला, तसाच उठलो अन् अठी आलो. तवापासून फेकून राह्यलो. काल संध्याकाळी कुठी जरा बसला.”

सुमेधने मास्तरांच्या गालांकडे पाहिलं. एकाकडे, मग दुसऱ्याकडे. मग ड्रमकडे पाहिलं. ड्रमची एक बाजू पार चेपून गेली होती.

“म्हणजे... सहा वर्षं?”

“नव्हता माह्यापाशी.”

“पण सगळे म्हणत होते...”

“सगळ्यायले काय! मी कॅचर, बावा. झेलता झेलता फेकण्यातलं जेवढं समजलं, तेवढं तुले देलं. हा कोणं माह्याकडं टाकलाच नाही कवा. मले कसा येईन?”

“मंग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, असं काऊन म्हणत होते?”

“शोधत होतो. दर खेपेले वाटे, वर्षाभरात सापडन.”

“सांगाचं ना, मास्तर! येत नाही म्हून सांगाचं!”

“तू कवा इचारलं, येते का म्हून? तू म्हणे, द्या.”

सुमेधला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त माया दाटून आली. सहा वर्षं नारळ देऊन परत जाताना तो या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत गेला होता, आणि हा माणूस इथे बसून त्याच्यासाठी एक चेंडू हुडकत होता. त्याने ते तोंडाने सांगितलं नाही. चेंडू मात्र ड्रममागून स्वतः जाऊन आणला, पँटला पुसला आणि मास्तरांच्या हातात दिला.

“दाखवा,” तो म्हणाला. “कसा धरता?”

“हात फिरवाचा नाही आज. नुसती पकड पाय.”

पकड सोपी दिसत होती. चेंडू बोटांच्या टोकांवर नाही धरायचा, तळहातात खोल बसवायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांचं बाजूला कडं करायचं. मास्तरांची मोडकी बोटं आपोआपच तशी बसत. सुमेधच्या सरळ, मजबूत बोटांना ते कडं काही केल्या जमेना. चेंडू निसटे, नाहीतर बोटं अवघडत. मास्तर त्याची बोटं धरून पुन्हा पुन्हा बसवून देत होते, जसं पहिल्या दिवशी बसवून दिली होती तसं.

मग दहा पावलांवरून, हलक्या हाताने, त्याने वीस चेंडू टाकले. मास्तर ड्रमपाशी उकिडवे बसून झेलत होते. या वयात, गुडघे वाजत असताना.

“नाही... नाही... हा नाही... हा जरा बरा... नाही...”

विसातले चार बरे पडले. चौथा तर असा आला की मास्तरांनी झेलायला हात पुढे केला, आणि चेंडू अजून वाटेतच होता. मास्तर खदखदून हसले. सुमेधही हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसला.

“बस. कोपराले त्रास नको.”

कमलाबाईंनी कुंपणावरून दोन कप चहा दिला, आवाज बंद झाल्याच्या आनंदात बहुतेक. या वेळी सुमेधने घेतला.

साडेपाचची एसटी होती. निघण्याआधी चपला दाराबाहेर काढून तो मास्तरांसोबत खोलीत आला. मघाशी रडला तो माणूस हाच, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. गाल तकाकले होते, उजव्या हाताची बोटं आपोआप ते कडं करून बघत होती. माणसाला चार गोष्टी जमायला लागल्या, की त्याला पाचवी दिसत नाही, तसं त्याचं झालं होतं.

“जातो, मास्तर. डॉक्टरले फोन करतो, एसटीतूनच करतो.”

“कर.”

त्याने वाकून पाय धरले. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला.

“तीन दिवस हायेत,” सुमेध म्हणाला. “रोज नुसती पकड करीन. रविवारपर्यंत विसातले दहा पडतीन. मंग पाहाच तुम्ही. जोराचा हायेच, वळणारा हायेच, अन् आता हा. तुफानवाल्यायले वाटन, हा काय मंगळवारचा पिचर नाही.”

“हं...”

“अन् रईसचं काय, मास्तर? त्याच्यापाशी होतं नव्हतं ते त्यानं मंगळवारी टाकून देलं. सतरा वेळा दाखवलं. आता तुम्हाले बी ठाऊक, मले बी ठाऊक. रविवारी त्याच्यापाशी नवीन काय राह्यलं?”

मास्तर खाली बसले. उसवलेला चेंडू त्यांनी मांडीवर घेतला. दोरा दाभणात ओवायला जरा वेळ लागला. उजेड कमी झाला होता.

सुमेध उत्तराची वाट बघत दारात उभा राहिला. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

“टीव्हीवाले मधे मधे त्यायचं बाक बी दाखवत होते,” मास्तर म्हणाले.

“...मंग?”

“तू फेकत होता ना, तवा रईस कठड्याले टेकून तुह्याकडं पाहत उभा होता. नऊच्या नऊ इनिंग.”